पिझ्झावाल्याचा हिशोब आणि देशाचा हिशोब



या मालेत आपण एकेक सार्वजनिक वाद घेतो आणि त्यात कोण काय बोललं, आणि काय बोलायचं राहून गेलं, ते तपासतो. आजचा वाद अमेरिकेतला आहे, २०११ सालचा. रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून हर्मन केन नावाचे एक उद्योजक तेव्हा मैदानात उतरले होते. मे महिन्यात घोषणा, डिसेंबरच्या सुरुवातीला माघार. सगळा मामला साडेसहा महिन्यांचा. तुम्ही म्हणाल, जो माणूस एकाही राज्यातल्या मतदानापर्यंत टिकला नाही, त्याच्यावर तासभर कशाला घालवायचा?

त्याचं उत्तर असं, की 'देश चालवायला उद्योजक हवा' हा युक्तिवाद केन यांनी जितक्या सरळपणे मांडला तितका फार थोड्यांनी मांडला असेल. हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "अहो, हे सरकार एखाद्या कंपनीसारखं चालवा, सहा महिन्यांत सुधारेल." म्हणून या युक्तिवादाची त्याच्या सर्वांत भक्कम रूपात परीक्षा करू. दुबळं रूप घेऊन त्याची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही.

सुरुवात २०११ पासून न करता १९९४ पासून करू.

एप्रिल १९९४. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आपल्या आरोग्यविमा योजनेचा प्रचार करत देशभर फिरत होते. कर्मचाऱ्यांच्या विम्याच्या हप्त्याचा मोठा वाटा मालकाने भरावा, अशी त्या योजनेत सक्ती होती. कॅन्सस सिटीला लोकांशी थेट प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम होता. ओमाहाहून उपग्रहाद्वारे एक गृहस्थ जोडले गेले. गॉडफादर्स पिझ्झा या साखळीचे ते प्रमुख. हेच हर्मन केन. त्यांनी विचारलं, की या सक्तीमुळे ज्या लोकांना मला कामावरून कमी करावं लागेल, त्यांना मी काय सांगू?

क्लिंटन यांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. खर्च अमुक इतका वाढेल, पिझ्झ्याची किंमत थोडी वाढवा, तुमच्या प्रतिस्पर्ध्यालाही वाढवावीच लागेल, मग बिघडलं कुठे? केन यांनी अदब राखून, पण ठामपणे सांगितलं, की साहेब, तुमचा हिशोब चुकतोय. आमच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण अगदी थोडं असतं आणि बाजार असा चालत नाही.

त्या दिवशी केन यांची बाजू वरचढ ठरली, असं आम्हाला वाटतं. योजना चांगली होती की वाईट, हा मुद्दा वेगळा. पण ज्याला रोज गल्ला मोजावा लागतो तो माणूस जगातल्या सर्वांत ताकदवान पदाधिकाऱ्याला विचारतो, की तुमच्या कागदावरच्या आकड्याची किंमत कोण मोजणार, त्याचं नाव सांगा. लोकशाहीत यापेक्षा चांगला प्रश्न नसतो. त्याच वर्षी ती योजना काँग्रेसमध्ये बारगळली. त्याची कारणं अनेक होती, पण केन यांचं नाव मात्र देशभर झालं.

हा प्रश्न लक्षात ठेवा. किंमत कोण मोजणार, आणि त्याला तुम्ही काय सांगणार? आज आम्ही हाच प्रश्न परत परत विचारणार आहोत, केन यांनाही.

आता थोडं माणसाविषयी. जन्म १९४५, मेम्फिसचा. वाढले अटलांटात. आई घरकाम करायची. वडील न्हावीकाम करत, झाडलोट करत, आणि कोकाकोला कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट वुड्रफ यांचे ड्रायव्हर होते. वंशभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेतलं बालपण. मोरहाऊस कॉलेजातून गणिताची पदवी, पर्ड्यू विद्यापीठातून संगणकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. काही काळ नौदलासाठी गणिती म्हणून काम. मग कोकाकोला, मग पिल्सबरी. तिथून पिल्सबरीच्याच बर्गर किंगमध्ये, आणि १९८६ साली अडचणीत आलेल्या गॉडफादर्स पिझ्झाचे प्रमुख. तोट्यातली शेकडो दुकानं बंद करून त्यांनी कंपनी रुळावर आणली आणि १९८८ साली सहकाऱ्यांसह ती विकतच घेतली. पुढे रेस्टॉरंट व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झाले. २००६ साली चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगाचं निदान झालं, त्यातूनही उठले.

ही खरी, कष्टाची कमाई आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०११ च्या वादात त्यांच्या विरोधकांनी पहिली चूक इथेच केली. 'पिझ्झावाला' म्हणून हसण्यावारी नेलं. वादसभेत जॉन हंट्समन यांनी ९-९-९ ही पिझ्झ्याची किंमत असावी असं वाटलं, म्हणून विनोद केला. सभागृह हसलं. पण ज्या मतदाराचा बाप तीन-तीन कामं करत होता तो हसला नाही. त्याला वाटलं, हे आपल्यालाच हसतायत. हसून वाद जिंकता येत नाही, मंडळी. समोरच्याचे मतदार तेवढे पक्के होतात.

सप्टेंबर २०११ मध्ये फ्लोरिडातल्या पक्ष कार्यकर्त्यांच्या चाचणी मतदानात केन यांना ३७ टक्के मतं मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरच्या रिक पेरी यांना १५, मिट रॉमनी यांना १४. ऑक्टोबरात काही राष्ट्रीय जनमत चाचण्यांत ते सर्वांत पुढे होते. त्यांच्या हातात होती ती ९-९-९ योजना.

योजना ऐकायला सुटसुटीत. जुना प्राप्तिकर, कंपनी कर, वेतनावरची सामाजिक सुरक्षेची वर्गणी, वारसा कर, सगळं रद्द. त्या जागी तीनच कर. व्यक्तीच्या उत्पन्नावर ९ टक्के, धंद्यावर ९ टक्के, आणि नव्या खरेदीवर ९ टक्के राष्ट्रीय विक्रीकर. अमेरिकेची करसंहिता ज्यांनी एकदा तरी भरून पाहिली आहे त्यांना या सुटसुटीतपणाचं आकर्षण का वाटलं, हे कळतं. आपल्याकडे २०१७ साली जीएसटी आला तेव्हाही 'एकच कर' या शब्दांची अशीच मोहिनी होती.

पण आपण टीका करायला बसलोय, तर मधला नऊ जरा उघडून पाहू. कारण सगळं रहस्य तिथे आहे.

समजा एक छोटं रेस्टॉरंट आहे. वर्षाची विक्री १०० डॉलर धरू. त्यातले ४० पीठ, भाजी, वीज, भाडं असे इतर धंद्यांना जातात. ४० कामगारांच्या पगाराला. उरले २०, तो मालकाचा नफा. नेहमीच्या कंपनी करात पगार हा खर्च धरतात, म्हणून कर फक्त त्या २० वर बसतो. केन यांच्या योजनेत इतर धंद्यांकडून घेतलेला माल वजा होत होता, पण पगार वजा होत नव्हता. म्हणजे ९ टक्के कर २० वर नाही, ६० वर. नाव 'धंद्यावरचा कर', पण त्या ६० पैकी ४० तर पगारच आहेत.

आता तो पगार कामगाराच्या हातात आला, की त्यावर त्याचा ९ टक्के प्राप्तिकर. उरलेल्या पैशाने त्याने वाणसामान, पोराचे बूट घेतले, की त्यावर ९ टक्के विक्रीकर. एकाच पगाराला तीन ठिकाणी नऊ लागला.

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. केन म्हणत होते, की आजही मालक आणि कामगार मिळून पगारावर सामाजिक सुरक्षेपोटी नेहमीच्या दराने १५.३ टक्के भरतात, ते जाणार आहेत. शिवाय मालाच्या किमतीत लपलेले जुने कर निघाले, की किमती उतरतील. हा मुद्दा पोकळ नाही. पण आपल्या उदाहरणात घालून बघा. पगाराच्या ४० वर मालकाचा जुना वाटा ७.६५ टक्के होता, आता ९. म्हणजे थोडा वाढला. आणि २० च्या नफ्यावर जिथे कंपनी कराचा सर्वोच्च दर ३५ टक्के होता, तिथे आता ९. म्हणजे माणूस कामाला ठेवण्यावरचा भार किंचित चढला आणि नफ्यावरचा भार धपकन उतरला.

१९९४ साली याच गृहस्थांची तक्रार काय होती? माणूस कामाला ठेवणं महाग करू नका, ही! आणि २०११ साली त्यांच्याच योजनेत, रेस्टॉरंटसारख्या ज्या धंद्यात पगाराचा खर्च मोठा असतो, त्याचा पगार कराच्या जाळ्यात होता.

घरांचं काय? ऑक्टोबर २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या टॅक्स पॉलिसी सेंटरने योजनेची आकडेमोड करून सांगितलं, की ८४ टक्के कुटुंबांचा कर वाढेल. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या बहुतेकांचा मात्र घटेल. कारण उघड आहे. कमी कमावणारा सगळी कमाई खर्च करतो, त्याला विक्रीकर पूर्ण लागतो. त्याला मिळणारी उत्पन्नकरातली सवलतही जाणार होती. श्रीमंताची भांडवली नफ्यातली कमाई करातून सुटणार होती.

त्याच आठवड्यात लास व्हेगासच्या वादसभेत बाकीचे उमेदवार केन यांच्यावर तुटून पडले. राज्याचा विक्रीकर आहेच, त्यावर हा आणखी एक, हा त्यांचा मुद्दा. केन यांचं उत्तर असं, की तुम्ही सफरचंदं आणि संत्री एकत्र मोजताय, राज्याचा कर वेगळा, माझा वेगळा. रॉमनी यांनी लगेच पकडलं. म्हणजे लोकांच्या टोपलीत दोन्ही फळं येणार! ग्राहकाला बिल एकच मिळतं. त्याच्या खिशातून दोन्ही जातात. ज्या माणसाने क्लिंटन यांना खिशाचा हिशोब शिकवला होता, तोच आता खिसा सोडून रकाने मोजत होता.

नंतर तीन-चार दिवसांत डेट्रॉइटला त्यांनी दुरुस्ती जाहीर केली, की दारिद्र्यरेषेखालच्यांना उत्पन्नावरचा नऊ शून्य, म्हणजे ९-०-९. दुरुस्ती करणं वाईट नाही. पण अपवाद आला, की सुटसुटीतपणा सैल होतो. रेषेच्या एक डॉलर वर असलेल्याचं काय, हा पुढचा प्रश्न येतो. आणि मग कळतं, की करसंहिता जाडजूड झाली ती केवळ नोकरशहांच्या हौसेने नाही. तिच्यातल्या बऱ्याच पानांवर कुणा ना कुणाचं 'माझं काय?' लिहिलेलं असतं.

केन यांनी त्याच उन्हाळ्यात असंही म्हटलं होतं, की आपण तीन पानांच्या वरच्या विधेयकावर सही करणार नाही. ओबामा यांच्या जाडजूड आरोग्य कायद्याला तो टोला होता. नंतर त्यांनी सांगितलं, की ती अतिशयोक्ती होती. असेल. पण त्यामागची समजूत खरी होती. कंपनीत प्रमुखाला तीन पानांचा गोषवारा पुरतो. कारण तिथे सगळ्यांचं उद्दिष्ट एकच ठरलेलं असतं, आणि गोषवारा त्याच उद्दिष्टाने गाळून आलेला असतो. राज्यकारभारात उद्दिष्टांवरच भांडण असतं. कुणी काय गाळलं, हेच तर तिथे तपासायचं असतं.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. गॉडफादर्सची शेकडो दुकानं केन यांनी बंद केली, ते धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. कंपनी त्यामुळे वाचली, उरलेल्यांच्या नोकऱ्या टिकल्या. पण बंद दुकानातली माणसं कुठे गेली? ती कंपनीच्या हिशोबवहीतून बाहेर गेली. दुसरी नोकरी, बेकारभत्ता, नातेवाईक, गाव. म्हणजे ती देशाच्या हिशोबात गेली. कंपनीला 'बाहेर' असतं. देशाला ते नसतं. तोट्यातलं दुकान बंद करता येतं, तोट्यातला जिल्हा बंद करता येत नाही. म्हातारी माणसं, आजारी माणसं, काम गेलेली माणसं, ही कंपनीच्या लेखी खर्चाची बाब असतील. देशाच्या लेखी ती मालक आहेत.

कुणी म्हणेल, मग नागरिकाला भागधारक समजा. तसंही जमत नाही. कंपनीत ज्याचे समभाग जास्त त्याची मतं जास्त. देशात एकाला एकच मत. भागधारकाला कंपनी आवडली नाही तर तो समभाग विकून मोकळा होतो. नागरिकाने काय विकायचं?

इतिहासही या युक्तिवादाला फारशी साथ देत नाही. हर्बर्ट हूवर यांनी खाणउद्योगात जगभर फिरून अमाप पैसा मिळवला होता. ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि महामंदीपुढे हतबल ठरले. हॅरी ट्रूमन यांचं कॅन्सस सिटीतलं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान १९२२ साली बुडालं, पुढे कित्येक वर्षं ते कर्ज फेडत होते. आज इतिहासकार त्यांना चांगल्या राष्ट्राध्यक्षांत धरतात. यावरून धंदा बुडवलेलाच बरा, असं कुणी म्हणणार नाही. एवढंच म्हणता येतं, की धंद्यातल्या यशावरून दुसऱ्या कामाचा अंदाज लागत नाही.

नोव्हेंबरात मिलवॉकीच्या एका वृत्तपत्राच्या संपादकांनी केन यांना विचारलं, की ओबामा यांनी लिबिया प्रकरण हाताळलं, ते तुम्हाला मान्य आहे का? केन बराच वेळ अडखळले. ती चित्रफीत सगळीकडे फिरली, पुन्हा सगळे हसले. आम्हाला त्या अडखळण्यापेक्षा त्यांचं नेहमीचं समर्थन जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणत, पुढाऱ्याला सगळं ठाऊक असायची गरज नाही, योग्य प्रश्न विचारून योग्य माणसं जवळ ठेवली की झालं. अर्धं खरं आहे. पण योग्य माणसांत मतभेद झाले तर? एक सेनापती म्हणतो विमानं पाठवा, दुसरा म्हणतो नको. तेव्हा निवड करायला स्वतःजवळ काहीतरी लागतं. कंपनीत नफा ही फूटपट्टी हाताशी असते. लिबियाच्या आकाशात ती फूटपट्टी चालत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस रेस्टॉरंट संघटनेच्या काळातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बातम्यांत आल्या. दोन प्रकरणांत संघटनेने पैसे देऊन तडजोड केली होती, अटींत गुप्तता होती. आणखी स्त्रिया पुढे आल्या. केन यांनी सगळे आरोप नाकारले, आणि ३ डिसेंबर २०११ ला प्रचार थांबवला. त्या आरोपांचा निवाडा करण्याच्या जागी आम्ही नाही. पण या वादाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवतो. धंद्याच्या जगात तक्रार मिटवायची रीत म्हणजे रक्कम ठरवणं आणि तोंड बंद ठेवण्याचा करार करणं. तिथे ती रूढ आहे. सार्वजनिक पदाला ती लावता येत नाही. तिथे लोक विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं. केन यांच्या प्रचाराला ही रीत बदलणं जमलं नाही. रोज नवं स्पष्टीकरण येत राहिलं.

आणि अशा रीतीने वाद संपला. खरं तर मूळ वाद अर्ध्यावर सुटला. देश कंपनीसारखा चालवता येतो का, हा प्रश्न तसाच राहिला. २०१२ साली उमेदवारी मिळाली तीही एका उद्योजकालाच, गुंतवणूक कंपनी चालवलेल्या रॉमनी यांना. चार वर्षांनी एक बांधकाम व्यावसायिक तोच युक्तिवाद घेऊन निवडूनही आला. केन त्यांचे पाठीराखे झाले, आणि जुलै २०२० मध्ये कोविडने वारले. २०११ मध्ये हसण्यात आणि खमंग बातम्यांत वेळ गेला नसता, तर निदान हा प्रश्न नीट विचारायची सवय लागली असती, असं आम्हाला राहून राहून वाटतं.

म्हणून शेवटी आमचं म्हणणं एवढंच. उद्योजक उमेदवार म्हणून उभा राहिला तर त्याला धंद्यावरून हिणवू नका आणि धंद्यावरून डोक्यावरही घेऊ नका. त्याला केन यांचाच १९९४ चा प्रश्न विचारा. तुमच्या योजनेची किंमत कोण मोजणार? त्या माणसाला तुम्ही काय सांगणार? तो माणूस समोर बसलाय असं समजून सांगा. हा प्रश्न एका पिझ्झावाल्याने राष्ट्राध्यक्षांना विचारला होता, आणि तो प्रश्न बरोबर होता. त्यांचं चुकलं ते इतकंच, की सतरा वर्षांनी उत्तर द्यायची पाळी स्वतःवर आली तेव्हा त्यांनी तो आठवला नाही.

आज इथेच थांबतो. मधल्या नऊच्या हिशोबात कुणाला शंका असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर विचारा. तो फळ्यावर पुन्हा मांडू.